ओट्यावरचा स्पीकर

मुलाने पाठवलेल्या बोलक्या स्पीकरचं आणि घड्याळजींच्या बायकोचं कधी पटलंच नाही. ती सांगायची एक, तो ऐकायचा भलतंच. "माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगा," असं तो म्हणाला की ती वैतागायची, "मेल्या, कान धुऊन ये आधी!" आणि घड्याळजी हसून बेजार व्हायचे.

ती जाऊन महिना झाला होता. त्या दुपारी घड्याळजी एकटेच स्वयंपाकघरात जेवत होते. घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. अचानक ओट्यावरच्या स्पीकरचा दिवा लागला.

"माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगा."

घड्याळजींचा घास हातातच राहिला. ते तर काहीच बोलले नव्हते.

थोडं थांबून तो परत म्हणाला, "पुन्हा सांगा."

ते धडपडत ओट्यापाशी गेले. श्वास रोखून त्यांनी कानोसा घेतला. काही म्हणजे काही ऐकू येईना. त्यांचे डोळे भरून आले.

"अरे, काय म्हणतेय ती?" त्यांनी काकुळतीने विचारलं. "मला सांग ना रे!"

स्पीकरचा दिवा लुकलुकला.

"माफ करा," तो म्हणाला, "त्या माझ्याशी बोलतच नाहीयेत. मघापासून तुम्हालाच हाका मारताहेत."