घुसळण

हट्टा गावाजवळच्या डिस्टिलरीत २००२ साली सांडपाण्यापासून गॅस बनवायची टाकी बसली. तिच्यावर धर्मसिंग आणि शिवहार पाळीनं कामाला होते. टाकी सतत घुसळत ठेवायची, असा साहेबांचा हुकूम होता. पण घुसळायचं मशीन मधूनमधून बंद ठेवलं की गॅस जास्त येतो, हे धर्मसिंगनं हेरलं आणि फक्त शिवहारला सांगितलं.

"कुणाला बोलणार न्हाई, दादा," शिवहार म्हणाला.

आठ दिवसांनी साहेबांनी धर्मसिंगला कामावरून काढलं. "शिवहार सांगत होता, मशीन बंद करून झोपतोस!"

दोन महिन्यांनी धर्मसिंग कामाचा दाखला न्यायला गेला, तर कारखान्यात शिवहारला हार घालत होते.

"हार काहून घालून राहिले?" त्यानं वॉचमनला विचारलं.



"मशीन मधी मधी बंद ठेवलं की गॅस वाढतो, हे त्यानं शोधून काढलं म्हणं."