दारावरचा लाल दिवा

लातूरच्या त्या वसतिगृहात प्रत्येक संडासाच्या दारावर एक दिवा होता. आतलं भांडं कॅमेऱ्याच्या डोळ्याने शौच तपासायचं. सगळं ठीक असलं की बाहेर हिरवा दिवा लागायचा, डॉक्टरला दाखवायची गरज असली की लाल. इथे झाडून सगळ्या मुली डॉक्टर व्हायला आलेल्या, पण आत गेल्यावर पहिलं काम काय, तर भांड्याच्या डोळ्यावर टिकली चिकटवायची. डोळा झाकला की दिवा आपला हिरवाच.

समिधाच्याही टिकल्या भराभर संपत होत्या. पोटात कळा यायच्या, शौचातून रक्त पडायचं, सलवार कमरेला सैल झाली होती. आई फोनवर म्हणाली होती, "इसबगोल घे, आणि कुणाजवळ बोलू नकोस."

आज सकाळी तिने आधीच्या मुलीची टिकली नखाने खरवडून काढली.

ती बाहेर आली तेव्हा दारावर लालभडक दिवा होता आणि समोर बादल्या घेतलेली रांग. कुणीतरी फिसकन हसलं. पुढे उभी असलेली गौतमी कुजबुजली, "अगं, टिकली विसरलीस का?"

"विसरले नाही, काढली," समिधा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "रक्त पडतंय मला. दवाखान्यात चाललेय. हा दिवा दाराबाहेर कुणी लावला, त्याला नंतर बघते. आधी पोट दाखवते."

गौतमी बादली घेऊन आत गेली. दिवा विझला. समिधा चपला घालत होती, तेवढ्यात तो पुन्हा लाल झाला. या वेळी कुणी हसलं नाही.

आतून आवाज आला, "समिधा, थांब गं. मी पण येते."