थोबाडीत

वर्तमानपत्राने ऐंशीच्या दशकातल्या आवडत्या सिनेमांवर वाचकांचा कौल मागवला होता आणि श्रीनिवासराव जेवता जेवता जावयाशी हुज्जत घालत होते. जावयाला एक विनोदी सिनेमा पहिला यायला हवा होता. श्रीनिवासरावांचं मत अर्थातच त्यांच्या स्वतःच्या सिनेमाला होतं. त्यात ते सहायक दिग्दर्शक होते आणि त्यांच्या पत्नी कुंदाताई नायकाच्या बहिणीच्या भूमिकेत.

“भाऊ हिला थोबाडीत मारतो तो प्रसंग आठवा,” ते म्हणाले. “चेहरा कसा पांढराफटक पडतो! असा अभिनय आता कोण करतं?”

“अभिनय कसला?” कुंदाताई म्हणाल्या. “नुसता हात उगारायचं ठरलं होतं. त्या मेल्याने खरंच मारलं. आठवडाभर कान सुन्न होता माझा.”

“म्हणून तर शॉट जमला!” श्रीनिवासराव हसले. “खरंच मारा, तिला आधी सांगू नका, हे मीच सुचवलं होतं.”

लेकीचा घास हातातच राहिला. “आई, तुला हे माहीत होतं?”

कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी सगळं युनिट टाळ्या वाजवत असताना एकटे श्रीनिवासराव तेवढे बर्फ घेऊन धावत आले होते. ती माया बघूनच कुंदाताईंनी लग्नाला होकार दिला होता.