भुऱ्याचा गुडघा

"हा घ्या तुमचा नवा गुडघा," म्हणत नलावडे मॅडमनी खोक्यातून कुत्र्याच्या पायाचं प्लास्टिकचं मॉडेल काढलं. पशुवैद्यकीय कॉलेजच्या नव्या अभ्यासक्रमासाठी त्यांनीच ते हट्टाने मागवलं होतं.

आजवर लिगामेंट तुटलेला गुडघा ओळखायला मुलं भुऱ्यावरच शिकत. कॉलेजातच वाढलेल्या या कुत्र्याचं लिगामेंट तुटलं, तेव्हा विभागाने मुद्दाम ऑपरेशन केलं नाही. तो बरा झाला असता, तर सैल गुडघा हाताला कसा लागतो हे मुलांना कळलं नसतं.

"मॅडम, आता त्याचं ऑपरेशन करायचं ना?" एका मुलीने विचारलं.

"त्याच्या हृदयाला आता भूल सोसणार नाही गं."

मुलं मॉडेलभोवती जमली. पांढरे ॲप्रन दिसताच भुऱ्या लंगडत आला, नेहमीसारखा कुशीवर आडवा झाला आणि दुखरा पाय वर धरून वाट पाहू लागला.

शेवटी मॅडमच खाली बसल्या. त्यांनी तो पाय हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला.

गुडघा कुणी हलवेना, म्हणून भुऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय आणखी थोडा वर केला.