अनुपमाचं डोहाळजेवण

दोन्ही वाट्यांखाली बर्फीच होती. मुलगी येणार हे सगळ्यांना ठाऊक, मग पेढा झाकायचाच कशाला, असा अस्मिताचा हिशेब. अनुपमाने एक वाटी उचलली, बायकांनी टाळ्या पिटल्या आणि अस्मिताने अख्खी बर्फी तिच्या तोंडात कोंबली. अनुपमाला ढवळून आलं. तिने तोंडावर हात दाबला.

"अगंबाई, हिला तर खरंच डोहाळे लागले!" कुणीतरी ओरडलं आणि आखातातल्या अल मजाजमधला तिच्या फ्लॅटचा हॉल हसण्याने दणाणून गेला.

डोहाळजेवणाची हौस शेजारच्या अस्मिताची. पोट नाही म्हणून काय झालं, आई तर होणार ना! अनुपमा आणि दत्तप्रसाद गेली तीन वर्षं भारतातून मूल दत्तक घ्यायची वाट पाहत होते. डिसेंबरात सुट्टीवर गेले तेव्हा कोकणातल्या एका संस्थेत त्यांना शुभ्रा भेटली. तीन वर्षांची. टाळूला जन्मापासून भोक. दूध प्यायली की नाकातून येई आणि बोलली की निम्मं बोलणं नाकातच राही. तिने अनुपमाची ओढणी जी धरली ती निघेपर्यंत सोडलीच नाही. आता फक्त दत्तकाचा शेवटचा आदेश यायचा होता.

"फोटोत तर अजिबात कळत नाही हं," अस्मिता ओटी भरता भरता म्हणाली. "आमच्यात नाही बाई एवढी हिंमत. आमची धडधाकट आहेत तीच आवरत नाहीत. तुम्ही दोघं म्हणजे, रिअली, देवमाणसं!"

देवमाणसं! अनुपमाला त्या शब्दाचीच शिसारी आली. तिचा देवमाणूस समोर ज्यूसचे ग्लास फिरवत होता. हमरियाच्या एका कारखान्यात माल पास-नापास करणारा क्वालिटी मॅनेजर, घरात बायकांना "घ्या ना, लाजता काय" म्हणत होता. थोड्या वेळापूर्वी ती वाट्या आणायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा हाच माणूस पाठमोरा उभा राहून फोनवर संस्थेच्या ताईंना सांगत होता, "मॅडम, ऑपरेशन सध्या नको. कॅम्प पुढच्या वर्षीही येईलच की. रिपोर्ट आहे तसाच राहू द्या."

ओटीतला नारळ सावरत ती उठली आणि त्याला जवळजवळ ओढतच बेडरूममध्ये घेऊन गेली. दार लावलं.

"ऑपरेशन नको म्हणालास तू?"

"हळू बोल. अगं, डॉक्टर सोमवारी तिथे फ्री कॅम्प घेताहेत. भोक बुजलं की शुभ्रा व्यंगवाल्या मुलांच्या स्पेशल यादीतून बाहेर. मग साधी यादी, तिथे आपल्या पुढे शेकडो जोडपी. आपला चान्स खलास! आदेश येऊ दे, तिला इथे आणू, बेस्ट सर्जन गाठू."

"आणि आदेश वर्षभर नाही आला तर?"

"तर वर्षभर थांबेल. इतके दिवस थांबलीच ना?"

"उशीर झाला तर बोलणं कायमचं तसंच राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. तुझ्यासमोर म्हणाले होते."

"राहू दे थोडं गेंगाणं. पण आपल्याकडे राहील ना!"

त्याने लावलेल्या अत्तराचा वासही तिला सोसवेना. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिने ऐकलं होतं. हा तर जित्या पोरीच्या टाळूवर टपला होता. आणि अशा माणसाबरोबर आपण संसार केला, याची तिला किळस आली.

"बाहेर जा," ती म्हणाली. "माझ्यासमोर उभा राहू नकोस."

तो गेला. तिने ताईंना व्हिडिओ कॉल लावला. काय सांगायचं ते पक्कं होतं. सोमवारीच ऑपरेशन करा. आम्हाला मिळाली तर आमचं भाग्य, नाही मिळाली तर जिथे जाईल तिथे चार घास नीट खाईल, चार शब्द नीट बोलेल. रिंग वाजत होती तोवर तिने हे सगळं मनात पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

"अरे वा, अनुपमाताई! थांबा हं, ही बघा कोण माझा फोन ओढतेय."

पडद्यावर आधी नाक आलं, मग डोळे. शुभ्राने तिला ओळखलं. फोनला गाल लावून ती म्हणाली, "आई." तिचे बाकीचे शब्द नाकात जात, हा मात्र स्वच्छ आला. मग तिला त्याचा नादच लागला. आई, आई, आई.

अनुपमाने पडद्यावरच्या त्या गालाला बोट लावलं. बाहेर बायकांनी पाळणा म्हणायला घेतला होता.

"बोला ना," फोन परत हातात घेत ताई म्हणाल्या. "काय काम काढलंत?"

"काही नाही ताई," अनुपमा म्हणाली. "ह्यांनी मघाशी जे सांगितलं ते लक्षात आहे ना, एवढंच विचारायचं होतं."