धावचीत झाल्यावरचा शब्द

चेंडू गार्नेटच्या पाठीमागे गेला, म्हणजे हाक द्यायची ती रॉलने. रॉल समोरच्या टोकाला उभा होता. ‘येस,’ तो म्हणाला आणि गार्नेट धावत सुटला. जोडीदाराने हाक दिली की इथे कुणी मागे वळून बघत नाही. वाळूत नारळाच्या झावळीच्या बॅटने खेळायचे, तेव्हापासूनची शिस्त.

अर्ध्या वाटेत त्याने मान वर केली. रॉल रेषेच्या आत होता, बॅट टेकवून, बसची वाट बघत असल्यासारखा. गार्नेट गर्रकन वळला, घसरला. उठेपर्यंत यष्ट्या उडाल्या होत्या.

शतकाला चार धावा कमी. उसाच्या कडेला गाडी लावून बेटाच्या संघाचे निवडकर्ते बसले होते. ते फक्त गार्नेटला बघायला आले होते.

असं झालं की हाक देणाऱ्याने ‘सॉरी’ म्हणायचं, ही मैदानाची रीत. बसमध्ये पायावर पाय पडला तरी लोक हेच म्हणतात, ऐकू आलं नाही तरी हेच, मयताच्या घरीही हेच. पंच आणि क्षेत्ररक्षक रॉलकडे बघत राहिले. रॉल हातमोज्याचा पट्टा घट्ट करत होता.

‘निदान सॉरी तरी म्हण,’ गार्नेट दात आवळून म्हणाला.

‘तू ओलेटाला म्हणालास, तसं?’

ओलेटा रॉलची बहीण. तीन वर्षं गाव तिला गार्नेटची म्हणून ओळखत होतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांनी ठरलेल्या लग्नांची नावं वाचली. गार्नेटच्या नावापुढे हेडमास्तरांच्या मुलीचं नाव आलं. ओलेटा तिथेच बसली होती. बाहेर पडताना, टोपी चढवता चढवता, गार्नेट तिला तेवढा एक शब्द म्हणाला होता.

पंच म्हातारे होते, दोघांनाही लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी बोट वर केलं आणि गार्नेटला हळूच सांगितलं, आता जा बाबा.

तो सीमारेषेपाशी पोचायच्या आत उसाकडची गाडी सुरू झाली. त्याने तिकडे बघायचं टाळलं. बदामाच्या झाडाखाली ओलेटा मॉबी विकत होती. झाडाच्या सालीचं ते कडसर, गार पेय पिऊनच तो नेहमी कपडे बदलायला जायचा. आजही रांग डावलून त्याने हात पुढे केला.

‘अगं, नवरदेवाला आधी दे,’ मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

ओलेटाने त्याच्याकडे नीट पाहिलं. आवाज साधा होता, कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

‘सॉरी, संपली.’

मग तिने काठोकाठ भरलेला जग दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मागच्या म्हातारीचा पेला भरू लागली. फेस वर आला, तिच्या बोटांवरून ओघळला, गार्नेटच्या बुटांवर पडला. ती ओतत राहिली.