फितूर साक्षीदार

सयाजीगंजातल्या चहावाल्याला बिल्डरच्या पुतण्याने सळईने झोडपलं, ते तिघांनी पाहिलं होतं. त्यातले दोघे कोर्टात उलटले. नेहमीचे सरकारी वकील रजेवर, म्हणून तिसऱ्याची साक्ष घ्यायचं काम आज सकाळीच त्यांची सहायक वकील मालविका हिच्या गळ्यात पडलं.

साक्षीदार दीनानाथ दिघे पिंजऱ्यात आले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "मी काहीच पाहिलं नाही."

"जवा दो ने, बेन," आरोपीचा वकील गुजरातीत 'सोडून द्या' म्हणत हसला.

पण मालविका खाली बसली नाही. साक्षीदार फितूर झालाय, उलटतपासणीची परवानगी द्यावी, असं तिने न्यायाधीशांना सांगितलं आणि सरळ विचारलं, "धमकी कोणी दिली?"

कठड्यावरचा म्हातारा हात उचलून दिघ्यांनी आरोपीकडे बोट दाखवलं. "ह्यानेच. म्हणाला, तुमची मुलगी रोज संध्याकाळी स्कूटरवर एकटीच निजामपुऱ्याला परतते."

वकिलाचं हसू मावळलं.

 

"साहेब, जबाबात त्या मुलीचं नावही लिहून घ्या," आरोपीवरची नजर न हलवता ती म्हणाली. "मालविका दीनानाथ दिघे. आजही ती स्कूटरवरच घरी जाणार आहे. वडिलांना मागे बसवून."